हरवलेल्या डग्ग्याचा शोध : लॅपटॉपधारकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

नवा लॅपटॉप घरी आला. त्याला हळद-कुंकू लागले, त्यातले थोडे कीबोर्डच्या फटीत गेले, आणि आता पहिले गाणे लागले आहे. 'झिंगाट'चे शब्द ऐकू येतात, टाळ्या ऐकू येतात, वरवरची टिकटिक तर अगदी स्वच्छ ऐकू येते. ज्यासाठी लोक मांडवात खुर्च्या बाजूला सारतात, तेवढेच ऐकू येत नाही. बरे, तबल्याचे एकलवादन लावावे, तर उजवा हात कामावर आला आहे आणि डावा, म्हणजे डग्गा, रजेवर आहे.

अशा वेळी अनुभवी माणूस लॅपटॉप मिटतो आणि चहा टाकतो. नवशिका सेटिंग उघडतो. ही मार्गदर्शिका नवशिक्यासाठी आहे. अनुभवी माणसाने चहा झाल्यावर वाचली तरी चालेल.

साहित्य

एक लॅपटॉप. एक टेबल, शक्यतो रिकामे. कानात घट्ट बसणारा वायरचा इअरफोन. तोंडपाठ असलेले एक गाणे. आणि घरातला एक माणूस, ज्याला दर पाच मिनिटांनी "आता फरक वाटतो का?" असे विचारता येईल.

या माणसाची निवड जपून करावी. "हो हो, खूपच!" असे पहिल्याच फटक्यात म्हणणारा निरुपयोगी, त्याला फक्त आपल्या मालिकेकडे परत जायचे असते. परीक्षा सोपी आहे. काहीही न बदलता "आता?" असे विचारावे. "आता बराच भरदार झाला" असे उत्तर आले तर माणूस बदलावा. दुसरी काळजी म्हणजे, दोन सेटिंगांची तुलना नेहमी सारख्याच आवाजात करावी. तेच गाणे जरासे मोठ्याने लावले तरी कान त्यालाच 'चांगले' ठरवतो. स्पीकर विकणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

निदान

इअरफोन लावून तेच गाणे ऐकावे. इअरफोनमध्येही डग्गा नसेल, तर दोष गाण्याच्या फाइलचा किंवा एखाद्या सेटिंगचा. लग्नाच्या व्हिडिओतून मोबाइलवर, मोबाइलवरून व्हॉट्सअॅपवर आणि तिथून लॅपटॉपवर आलेल्या गाण्यात बेस शोधू नये. इअरफोनमध्ये डग्गा आहे आणि लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये नाही, असे असेल तर पुढे वाचावे.

इथे नवशिका एक रास्त प्रश्न विचारतो. इअरफोनमधला स्पीकर तर लॅपटॉपच्या स्पीकरपेक्षाही लहान, मग त्याला कसे जमते? उत्तर कानात बोट घालूनच मिळते. इअरफोन लावून गाणे चालू ठेवावे आणि तो जरासा सैल करावा. बेस पळून जातो. दाबून बसवावा, परत येतो. घट्ट बसलेला इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यात जेमतेम चिमूटभर हवा कोंडलेली असते आणि तेवढीच दाबायची असते. लॅपटॉपला मात्र खोलीभर हवा हलवायची आहे, तीही खिडकी उघडी असताना.

पहिली पायरी : काहीही न करणे

बहुतेक लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला किंवा पुढच्या कडेला असतात आणि त्यांचे तोंड जमिनीकडे असते. टेबलावर आपटून आवाज वर यावा, अशी रचनाकाराची अपेक्षा असते. रचनाकाराने आपल्याकडे लॅपटॉप कुठे ठेवतात हे पाहिलेले नसावे. गादीवर, रजईवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा आवाज कापसात जातो. तेव्हा तो उचलून टेबलावर ठेवावा. टेबलावर प्लॅस्टिकची फुलाफुलांची आच्छादने असतील तर तीही काढावीत. खालच्या जाळीवर कंपनीचे पारदर्शक प्लॅस्टिक अजून चिकटलेले असेल, तर 'वस्तू नवी राहावी' हा मोह आवरून तेही सोलून टाकावे.

आता टेबल भिंतीशी सरकवावे, जमल्यास कोपऱ्यात. खालच्या पट्टीचा आवाज सगळीकडे सारखाच पसरतो. भिंत जवळ असली की मागे गेलेला भाग पुढे परततो आणि पुढच्यात मिसळतो. एका मोठ्या कठीण भिंतीमुळे आवाजाचा दाब हिशेबाने ६ डेसिबलपर्यंत वाढतो. अट एवढीच, की भिंत त्या आवाजाच्या लहरीच्या पाव लांबीपेक्षा बरीच जवळ हवी. २०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण १.७ मीटर, म्हणजे पाव भाग झाला ४० सेंटिमीटरच्या आसपास. वीतभर अंतर उत्तम. यात तुमचे तोंड कोपऱ्याकडे होते आणि पाठ घरच्यांकडे, हा काहींच्या मते दोष आणि काहींच्या मते लाभ.

आवाजही थोडा वाढवून पाहावा. हा सल्ला बाळबोध वाटतो, पण त्याच्यामागे १९३३ सालचे संशोधन आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसांच्या कानांना इअरफोन लावून मोजले, की वेगवेगळ्या पट्टीचे स्वर सारखेच मोठे वाटायला किती दाब लागतो. निष्कर्ष असा, की आवाज हळू केला की कान सगळ्यात आधी खालचे स्वर सोडून देतो. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे एक बटण असे, ते याचसाठी. हळू आवाजात ते बेस आपोआप चढवून देई. आपल्यापैकी बहुतेकांनी ते कायम दाबलेलेच ठेवले, त्यामुळे त्याचे काम काय हे कळायचे राहून गेले.

दुसरी पायरी : वस्तुस्थितीचा स्वीकार

ही पायरी कठीण आहे, आणि बहुतेक मार्गदर्शिका ती गाळतात, कारण ती वाचून कोणी काही डाउनलोड करत नाही.

बेस म्हणजे हलवलेली हवा. तीही थोडीथोडकी नव्हे. स्पीकरचा पडदा पुढे-मागे होतो आणि हवा ढकलतो. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच मोठा हवा असला, तर पडद्याला चौपट हलावे लागते. समजा, ८०० हर्ट्‌झचा एक स्वर काढताना पडदा मिलिमीटरचा शंभरावा भाग हलतो. मग ४०० ला त्याने चार शतांश हलायचे, २०० ला सोळा शतांश, १०० ला ०.६४ मिलिमीटर आणि ५० ला अडीच मिलिमीटरहून अधिक. सडपातळ लॅपटॉपमध्ये स्पीकरला सगळी मिळून जी जाडी मिळते, तीच काही मिलिमीटर असते. त्यात चुंबक बसवायचा, कॉइल बसवायची, पडदा बसवायचा आणि उरलेल्या जागेत त्याने हलायचे.

दुसरा उपाय पडदा मोठा करण्याचा. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर जी भिंत रचतात, तिच्यातला एकेक वूफर १८ इंची असतो. लॅपटॉपचा स्पीकर दोन बोटांच्या पेराएवढा. दोघांच्या पडद्यांच्या क्षेत्रफळात शेकडो पटींचा फरक आहे. ट्रॉलीवरचे ते वूफर दुकानांची शटर का वाजवतात आणि आपला लॅपटॉप समोरचा चहाचा कपसुद्धा का वाजवू शकत नाही, याचा खुलासा इथेच होतो. सेटिंगमध्ये काय निवडले आहे याचा त्याच्याशी फार थोडा संबंध.

तिसरी अडचण मागच्या बाजूची. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे हवा ओढतो. वरच्या स्वरांना याने फरक पडत नाही. खालच्या स्वरांच्या बाबतीत मात्र हवेला भरपूर वेळ मिळतो. ती कडेवरून वळसा घालून मागे जाते आणि पुढचा दाब मागच्या पोकळीत जिरतो. हे पाहायचे असेल तर जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वायर जोडून हातात धरावा. आवाज डब्यातून आल्यासारखा येईल. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो टेकवावा. हातातल्या हातात डग्गा उगवतो. या मार्गदर्शिकेतला हा एकच प्रयोग असा आहे, की ज्याला "आता फरक वाटतो का?" हे विचारावे लागत नाही.

आज आपण वापरतो तसा कॉइल आणि पडद्याचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. पुढची तीसेक वर्षे चांगला बेस म्हणजे कपाटाएवढा खोका, असाच हिशेब होता. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी छोट्या, हवाबंद खोक्यातला स्पीकर बाजारात आणला. आत कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी सावरून धरते, ही त्यातली युक्ती. खोका कपाटाचा फळीवर आला, पण फुकट काही मिळाले नाही. त्याला वाजवायला अॅम्प्लिफायरची ताकद जास्त लागू लागली. याच परंपरेतले जे. अँटन हॉफमन, म्हणजे केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच', यांच्या नावावर एक लोहनियम आहे. खोल बेस, छोटा खोका आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच मागा. लॅपटॉप बनवणाऱ्याला खोका मोठा करता येत नाही, कारण जाहिरातीत लॅपटॉप पाकिटातून बाहेर काढून दाखवायचा असतो. वीज वाढवता येत नाही, कारण बॅटरी दिवसभर टिकवायची असते. तीनपैकी काय सुटले असेल, हे वाचकाने स्वतः ओळखावे.

तिसरी पायरी : सेटिंग

वस्तुस्थितीचा स्वीकार केल्यावरही नवशिका सेटिंग उघडतोच. हरकत नाही. निदान योग्य ठिकाणी उघडावे.

विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर उजवे क्लिक करून साउंड सेटिंग्जमध्ये जावे. तिथून 'मोअर साउंड सेटिंग्ज', मग स्पीकर, मग 'प्रॉपर्टीज', आणि नशिबात असेल तर 'एन्हान्समेंट्स' नावाचा टॅब. काही लॅपटॉपवर तो दिसत नाही. तिथे कंपनीचे स्वतःचे अॅप असते, त्यात 'म्युझिक', 'मूव्ही', 'गेम' अशी बटणे असतात. टॅब सापडलाच तर त्यात 'बेस बूस्ट' असे लिहिलेली चौकट असते. तिच्यावर टिक करण्याचा क्षण प्रत्येक नवशिक्याच्या आयुष्यात येतो.

टिक केल्यावर काय होते? शंभर हर्ट्‌झच्या खालचा भाग चढवला जातो, म्हणजे नेमका तो भाग, जो हा स्पीकर काढूच शकत नाही. दर ३ डेसिबलला विजेची मागणी दुप्पट होते. १२ डेसिबल चढवले की सोळापट. दोनेक वॉटचा स्पीकर सोळापट मागणी पाहून जे करतो त्याला खरखर म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये ती खरखर ऐकू येऊ नये म्हणून एक राखणदार सर्किट असते. पडदा किती हलतोय, कॉइल किती तापतेय याचा अंदाज घेऊन ते सगळाच आवाज खाली दाबते. म्हणून प्रत्येक ठोक्याला गायिका क्षणभर खोलीबाहेर जाऊन येते. बेस आला नाही तो नाहीच, वर गाणेही हिंदकळायला लागले.

त्याच यादीत 'लाउडनेस इक्वलायझेशन' असते. नावावरून ते मघाचे जुने बटण वाटते, पण याचे काम निराळे. ते हळू आवाज मोठे करते आणि मोठे आवाज आवरते. सिनेमातल्या कुजबुजीसाठी ठीक. पण तबल्यावर लावले तर ठेका आणि तिहाई एकाच जोराच्या होतात.

खरा उपाय उलट्या दिशेने जातो. 'इक्वलायझर एपीओ' हे विंडोजसाठीचे फुकट साधन घ्यावे. सर्वप्रथम एकूण पातळी ६ डेसिबलने खाली आणावी, म्हणजे पुढच्या चढउताराला जागा राहते. मग साधारण १२० हर्ट्‌झच्या खालचे सगळे कापून टाकावे. (इथे नवशिका चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचतो. ओळ बरोबर आहे.) स्पीकरला न जमणारे काम काढून घेतले की अॅम्प्लिफायर आणि पडदा दोघेही मोकळे होतात, राखणदार शांत बसतो, आणि ती सुटलेली ताकद जमणाऱ्या कामाला लावता येते. म्हणून नंतर २०० ते ३०० हर्ट्‌झच्या टापूत तीन-चार डेसिबल चढवावेत. शेवटी ३००० च्या आसपास दोन-तीन उतरवावेत, कारण लॅपटॉपचा आवाज पातळ वाटतो त्यात बेस नसण्याचा वाटा जेवढा, तेवढाच या टापूच्या कर्कशपणाचा असतो. दोन्ही टोके वर आणि मध्य खाली, असा हसरा आलेख काढण्याचा मोह होईल. तो मोठ्या स्पीकरच्या मालकांसाठी राखून ठेवावा.

सेटिंगमध्ये हात घालण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासावी, कारण ती खरोखरची दुरुस्ती आहे. लॅपटॉप आधी बरा वाजत होता आणि विंडोज नव्याने टाकल्यापासून बिघडला, असे असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप रिअलटेक या तैवानी कंपनीची असते, तीच, जिचे चिन्ह खेकडा आहे. पण चिप एकच असली तरी तुमच्या मॉडेलच्या स्पीकरसाठीचे इक्वलायझरचे आकडे लॅपटॉपच्या कंपनीने त्या ड्रायव्हरसोबत दिलेले असतात. विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर टाकते तेव्हा आवाज येतो, पण ते आकडे येत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतेच 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे दिसत असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर आणावा. भाच्याने पाठवलेला आणू नये.

भाच्याने लिनक्स टाकून दिले असल्यास

मग या भागाची गरज आहे, आणि भाच्याचीही.

आधी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवावा. उभ्या पट्ट्यांची एक रांग दिसते. ज्या पट्टीखाली 'एमएम' अशी अक्षरे आहेत ती मुकी आहे. तिच्यावर जाऊन 'एम' दाबावे. 'स्पीकर', 'बेस स्पीकर' अशा नावाची पट्टी मुकी निघाली, तर समजावे की देव पावला, आणि पुढचे वाचू नये.

पावला नसेल तर गंमत अशी आहे. काही लॅपटॉपमध्ये तळाशी खरोखरच एक वेगळा छोटा वूफर असतो. तो आवाजाच्या चिपच्या एखाद्या पिनेला जोडलेला असतो, आणि कोणत्या पिनेला काय जोडले आहे याची यादी बायोसने द्यायची असते. या यादीत कधी कधी 'येथे काहीही जोडलेले नाही' असे लिहिलेले असते. विंडोजमधल्या कंपनीच्या ड्रायव्हरला घरातली गोष्ट ठाऊक असते, तो यादीकडे लक्ष देत नाही. लिनक्स सरळमार्गी, जे कागदावर लिहिले ते खरे मानतो. त्यामुळे वूफर शाबूत, वायर शाबूत, आणि कोणी त्याला हाकच मारत नाही. 'एचडीए जॅक रीटास्क' नावाच्या साधनाने ती पिन शोधून तिच्यापुढे 'इंटर्नल स्पीकर, एलएफई' (एलएफई म्हणजे खालच्या स्वरांचा चॅनेल) असे लिहून द्यावे लागते, मग लॅपटॉप पुन्हा चालू करायचा. पल्सऑडिओ असेल तर त्याच्या डेमन.कॉन्फ या फाइलमध्ये एलएफई रीमिक्सिंगला 'येस' म्हणायचे, नाही तर दोन चॅनेलच्या गाण्यातून वूफरच्या वाट्याला काहीच येत नाही. हे सगळे करून जेव्हा तळातून पहिला 'धप्' येतो, त्याचे समाधान मोठे असते. लॅपटॉपमधला डग्गा खरोखर सापडतो असे हे एकच प्रकरण आहे, म्हणून जरा रेंगाळलो.

अॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने तर आवाजासाठी वेगळा सुरक्षारक्षक लिहिला, 'स्पीकरसेफ्टीडी'. तो वीज मोजून कॉइल किती तापली असेल याचा हिशेब सतत करत राहतो. तो चालू नसेल तर स्पीकरला पूर्ण आवाजात वाजू देत नाहीत. त्या स्पीकरांचा बेस इतरांना हेवा वाटावा असा आहे, आणि तो कशाच्या जोरावर आहे हे यावरून दिसते. पडदा आणि कॉइल कायम फाटण्या-जळण्याच्या अलीकडे राखलेले असतात.

दुरुस्ती झाली असल्यास

लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत कधी स्पीकर बदलून घेतला असेल आणि त्यानंतर बेस गेला असेल, तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्याचा संशय धरावा. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघे मिळून खालचे स्वर आपसातच खाऊन टाकतात. ओळखण्याची खूण अशी, की बातम्या लावल्या तर निवेदकाचा आवाज स्क्रीनच्या मधून येण्याऐवजी कुठून येतो ते सांगता येत नाही. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे न्यावा. एकच स्पीकर वाजतो आहे आणि तरी आवाज भरला, तर संशय खरा. ही दुरुस्ती पाच मिनिटांची असते आणि तिचे पैसे देऊ नयेत.

ठरावीक स्वरावरच फर्रर्र होत असेल तर पडद्याची कड सुटली आहे किंवा जाळीत काही अडकले आहे. त्यात हळद-कुंकूही असू शकते.

चौथी पायरी : फसवणूक

इथपर्यंत आलेल्या वाचकाला एक रहस्य सांगायला हरकत नाही. बेस ऐकण्यासाठी बेस असावाच लागतो असे नाही.

जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तारेपलीकडे तो पोहोचतच नसे. तरी गावाहून फोन आला की "काका बोलतायत" हे पहिल्या "हॅलो"लाच कळे, आणि काकांचा आवाज काकूंसारखा कधी वाटला नाही. कारण १२५ चा मूळ स्वर गेला तरी त्याच्या तिपटीचे, चौपटीचे, पाचपटीचे उपस्वर, म्हणजे ३७५, ५००, ६२५ वगैरे, मागे उरतात. मेंदू त्यांच्यातले अंतर पाहतो, सगळे १२५ ने वाढतायत हे ओळखतो आणि न आलेला स्वर स्वतःच मांडून घेतो. चर्चमधल्या ऑर्गनचे कारागीर ही युक्ती फार आधीपासून वापरत. ३२ फुटी नळी परवडत नसेल तर १६ फुटी आणि तिच्या पंचमाची अशा दोन नळ्या एकत्र वाजवायच्या. कानाला ३२ फुटांचा घुमारा येतो.

आपल्याकडे यासाठी लांब जायला नको. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास येतो. लॅपटॉपला तो अशक्य. तरीही लॅपटॉपवर तानपुरा लावला तर खर्जाची तार बंद पडल्यासारखी वाटत नाही. हे श्रेय जवारीचे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार निसटती घासते, मध्ये सुताचा धागा नेमक्या जागी सरकवलेला असतो, आणि त्या घासण्यातून १३८, २०७, २७७ असे उपस्वर वरपर्यंत फुलत जातात. मिरजेच्या ज्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हात आणि कानाने जे जमवत आले, तेच आता सॉफ्टवेअरवाले आकड्यांनी करतात. मूळ खालचा स्वर काढून टाकायचा, त्याचे उपस्वर बनवून वर मिसळायचे, बाकीचे ऐकणाऱ्याच्या मेंदूवर सोडायचे. 'मॅक्सबेस' नावाने हे तंत्र स्टुडिओत आले आणि पुढे लॅपटॉपमध्येही. असाही प्रकल्पाचे असेच एक फुकट साधन आहे, 'बँक्सटाउन'. लॅपटॉपच्या अॅपमध्ये 'मॅक्सऑडिओ' किंवा तत्सम काही असेल तर ते बंद करू नये. ते खोटे बोलते, पण कामाचे बोलते.

तबल्याच्या बाबतीत हे अर्धेच साधते. दाहिन्याच्या शाईमुळे कातड्याचे उपस्वर सुरात बसतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले; म्हणून तो लॅपटॉपवरही सुरेल राहतो. डग्ग्याचा 'घे' मात्र बहुतांशी मूळ स्वरावर उभा असतो. मनगटाच्या दाबाने तो जो वर सरकतो, तो प्रवासच मुळी लॅपटॉपच्या हद्दीबाहेर होतो. फसवायलाही काही भांडवल लागते.

पाचवी पायरी : बाहेरून आणणे

माळ्यावर जुना टेपरेकॉर्डरचा सेट असेल तर तो उतरवावा. मागे लाल-पांढऱ्या गोल खोबणी असतील, तर लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकातून तिथे जाणारी वायर शंभर-दोनशे रुपयांत मिळते. या एका वायरीने वरच्या चारही पायऱ्यांपेक्षा जास्त फरक पडतो. ती पहिल्याच परिच्छेदात सांगितली असती तर मार्गदर्शिका लिहायची गरज पडली नसती. ब्लूटूथ स्पीकर घेतल्यास दोन्ही टोकांना थरथरणाऱ्या गोल चकत्या आहेत का ते पाहावे. आतल्या हवेने हलणाऱ्या त्या चकत्या पडद्याचे क्षेत्रफळ वाढवून देतात. ब्लूटूथचा हेडफोन मीटिंगमध्ये माइकसकट वापरला की आवाज अचानक फोनसारखा होतो; तो बिघाड नव्हे, मीटिंग संपली की बरा होतो. तसा झाला नाही तर मीटिंग संपलेली नाही.

टेबलाखाली ठेवायचा वूफर घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. तो कोपऱ्यात ठेवला की खोली दणाणते, आणि खालच्या मजल्याचे छतही. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मोजणी 'ए' वजनाच्या डेसिबलमध्ये करतात. ते वजन हळू आवाज ऐकणाऱ्या कानाच्या, म्हणजे फ्लेचर-मन्सन यांच्याच आलेखावरून घेतलेले असल्यामुळे ५० हर्ट्‌झला मीटर तब्बल ३० डेसिबल सोडून देतो. कागदोपत्री तुम्ही बरेचसे निर्दोष असता. पण खालच्या मजल्यावरचे काका मीटर घेऊन येत नाहीत. ते दहा वाजून पाच मिनिटांनी चपला न घालता येतात. बेल वाजली की आधी वूफरचा प्लग काढावा, गाणे चालूच ठेवावे आणि मग दार उघडावे. काका आत डोकावतात, लॅपटॉपकडे पाहतात, क्षणभर कान देतात आणि "यातून तर काहीच येत नाही हो" असे म्हणत वरच्या मजल्याकडे चढू लागतात.